बाकी : मीठ

जिंतूर आगार, सकाळची सव्वासहाची परभणी.
डॉक्टरीण बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं :
मीठ कमी, तेल कमी, पालेभाजी रोज.
रोज म्हणजे कुठली आणि कशी, ते नव्हतं लिहिलं.
मला येत होती मेथी, येत होता पालक
आणि ड्युटी उतरल्यावर पिठलं.

म्हणून विचारायला लागले.
मशीनमधून तिकीट बाहेर यायला लागतो
तेवढ्याच वेळात मावणारा प्रश्न :
आज डब्यात काय?

वय सांगताना लोक चाचरतात,
लेकराचं वय सांगताना तर हमखास;
भाजी सांगताना मात्र कुणी खोटं बोलत नाही.
झरीच्या शमीम आपा अंबाडी सांगता सांगता
रिकाम्या तळहातावर ज्वारीच्या कण्या मोजून दाखवतात.
बँडमधला क्लॅरिनेटवाला म्हणाला,
जवस भाजताना डोळे नाही, कान लावायचे,
तडतड विरळ झाली की उतरवायचं.
नवा तलाठी लाजत लाजत उकडपेंडीवर आला
आणि मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं,
कांदा राहिला की सायेब!

रोल संपत आला की कागदाच्या कडेला लाल रेघ येते.
ते तुकडे मी टाकत नाही.
पिशवीत चिल्लरीच्या खाली
आंबट, तुरट, कडू असं बरंच काही साठलंय,
एक पैसा न देता.

प्रमाण कुणाकडेच नसतं.
बघून टाक. हाताला कळतं. घरी माणसं किती?
एकटीच, म्हटलं
की घटकाभर नुसतं इंजिन ऐकू येतं.
मग कुणीतरी डबाच उघडतं.

पोळ्याच्या आठवड्यात केवळाबाई चढली.
पंच्याहत्तरी उलटलेली, कार्ड पदराच्या गाठीत.
मी शून्य रुपयांचं तिकीट दिलं.
तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं.
"फुकट बसवतीस व्हय? मंग घे, घोळ सांगते.
वाफ्याच्या कडंची घे, लाल देठाची.
तीनदा धू, माती लई चिकटून बसती.
मुगाची डाळ मूठभर. लसूण ठेच, चिरू नको.
तेल, कढईला कळंल न कळंल एवढंच.
आन् मीठ..."

बोरी फाटा.
गाठोडं, काठी, दोन्ही चपला, मग ती.
मागं चढणाऱ्यांची रेटारेटी. मी घंटी दिली.

पन्नासच्या नोटेला सुट्टे नसले
की तिकिटामागं लिहून देतो ना आम्ही, बाकी बारा,
तसंच लिहिलं : बाकी, मीठ.

घोळ केली. मीठ आधी टाकलं, खारट.
वाफ आल्यावर टाकलं, खारट.
चिमटीतलं निम्मं परत बरणीत टाकलं,
तरी जीभ आखडली.
गाडीत तीन मतं पडली, चौथं ड्रायव्हर नागनाथरावांचं :
मीठच बदला.

दिवाळीनंतर ती परत चढली,
तेच गाठोडं, आता स्वेटर.
माय, तुमचं मीठ राहिलंय माझ्याकडं, म्हटलं.
तिला आधी मी आठवेना, मग भाजी आठवेना,
मग एकदम हसली, चारही दातांनी.

"अगं, घोळीला कुठं मीठ?
तिचं तिला असतंय की.
मी तर म्हणत व्हते, मीठ नगं टाकू.
टाकायच्या आधी चाखली न्हाईस व्हय?"

नाही.
बावीस वर्षं चूल, गॅस, इंडक्शन,
पण आधी चाखून बघितलं नव्हतं
कधीच.

पिशवी उपसून तो कागद शोधला.
ठिगळासारखा मऊ झाला होता.
बाकी खोडली.
शून्य रुपयांचं तिकीट परत एकदा निघालं.

"आज काय सांगू?" तिनं विचारलं.
बोरी यायला अजून चार गावं होती.
मी पेन काढलं नाही.
तिच्या गाठोड्याला जरा सरकवून
शेजारी बसले.